जिल्हा

एकाच फोनवरून एकसष्ट वेळा एकाच माणसाचा शोध घेतला गेला होता आणि एकसष्टही वेळा उत्तर शून्य आलं होतं. हे लुसुंगु म्हांगोला कळलं ते एका मंगळवारी दुपारी, अहवालासाठी आकडे काढताना. पुराला सहा आठवडे उलटून गेले होते. डोंगरावरून चिखल उतरून ब्लांटायरच्या चिलोब्वेची अर्धी वस्ती घेऊन गेला, त्यानंतर चौथ्या दिवशी तिने हे शोधयंत्र उभं केलं होतं. दवाखाने, छावण्या, शवागारं, सगळ्यांच्या नोंदी एकत्र, आणि समोर एक साधा फॉर्म: नाव, वय, जिल्हा, ओळखीची खूण. शेवटी आपलं नाव आणि फोन नंबर, म्हणजे कळवता येईल. आता तिची मदत-संघटना ब्लांटायरमधलं हे काम आवरत होती. किती शोध झाले, किती माणसं सापडली, एवढंच अहवालात हवं होतं. न सापडलेल्यांचा रकाना कुणी मागितलाच नव्हता. तो तिने सहज उघडला, चहाचा कप हातात असताना, आणि कप हातातच राहिला.

त्या एकसष्ट ओळींतून कुणीतरी बोलत होतं. पहिल्या आठवड्यात नाव 'वायसन मुहिवा' असं होतं, मग 'वेसन', मग 'वायसोनी', मग नुसतं 'मुहिवा'. वय आधी बावन्न, मग पन्नास, मग पंचावन्न, जणू टाइप करणाऱ्याला वाटत होतं की यंत्र वयावरूनच अडून बसलंय, थोडं इकडेतिकडे केलं की मानेल. खूण मात्र तीच: सुतार, डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. आणि जिल्हा प्रत्येक वेळी ब्लांटायर. वेळाही ठरलेल्या, सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी पाच. शेवटचा शोध नऊ दिवसांपूर्वीचा होता. त्यात नाव नव्हतं, वय नव्हतं. 'दोन बोटं नाहीत', एवढंच. आणि जिल्हा.

त्या एका शोधापुरती जिल्ह्याची अट काढायला तिला काही सेकंद लागले. यादी आली. पहिल्या नोंदीचे जुळण्याचे गुण बाकी सगळ्यांच्या कितीतरी पुढे होते, इतके की खालची नावं तिने वाचलीही नाहीत. पुरुष, वय अंदाजे साठ. नाव वेसोनी, त्याला अक्षरांची पाटी दाखवून मिळालेलं. डोक्याला मार, बोलता येत नाही. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत, जुनी जखम. जिल्हा: झोम्बा. पुरानंतर सातव्या दिवशी झोम्बाकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात नोंद. इथले दवाखाने भरले तेव्हा जखमींना ट्रकमधून तिकडे नेलं होतं, हे तिला माहीत होतं. त्या ट्रकचं डिझेल संघटनेनेच दिलं होतं. नोंदीखाली नंतर कुणीतरी एक ओळ वाढवली होती. पंचविसाव्या दिवशी निधन, दफन मिशनच्या जागेत.

सातवा ते पंचविसावा. तिने बोटांवर मोजलं, आपण बोटांवर मोजतोय हे लक्षात आल्यावर हात मांडीखाली दाबून बसली. खिडकीबाहेर सोचे टेकडीवर ढग उतरले होते, आणि पलीकडच्या खोलीत तिचे वरिष्ठ बांबो काचाले फोनवर कुणाशी तरी हसत होते. जिल्ह्याची अट तिनेच घातली होती. सहाव्या दिवशी. त्याआधी जिल्हा हा नुसता एक मुद्दा होता. जुळला तर गुण वाढायचे, नाही जुळला तर माणूस यादीत थोडा खाली सरकायचा, पण असायचा. सहाव्या दिवशी सकाळी न्दिरांदे वस्तीतला एक मनुष्य ऑफिसात आला. यंत्राने त्याला त्याच्या भावाचं नाव दाखवलं होतं, लांब मांगोचीला. तो गेला, चादर बाजूला केली, खाली दुसऱ्याच कुणाचा तरी भाऊ होता. तो ओरडला नाही. दारात उभा राहून म्हणाला, "तुमच्या यंत्राने मला दोनदा रडवलं," आणि चिखलाचे बूट ओढत निघून गेला. बांबो काचाले तेव्हा म्हणाले होते, "लोकांना लांबलचक याद्या नकोयत, मायी म्हांगो. उत्तर हवंय." तिलाही ते पटलं. यंत्र लोकांच्या भाराने धापा टाकत होतं, आणि अट घातली की ते हलकं होतं. गुण मोजायला वेळ लागतो, आहे की नाही एवढंच विचारलं तर लागत नाही. एक ओळ तिने इथून उचलून तिथे ठेवली. दुपारचे तीन वाजले असतील. केल्यावर तिने एक मंदासी खाल्ली होती, तळलेली, साखर लावलेली. ती चव आत्ता पुन्हा तोंडात आली आणि तिने टेबलाखालची कचऱ्याची बादली जवळ ओढली.

आणि फॉर्मवर 'जिल्हा' असं लिहिलेलं होतं, बस. शोधणारे त्यात माणसाचं घर लिहीत होते. दवाखानेवाले माणूस सापडला ती जागा लिहीत होते. हे तिला सुचायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, पण तिला सुचायला हवंच होतं, कारण ती अकरा वर्षांची असताना मोठा भाऊ मापोपा शाळेत पहिला आला होता आणि विद्यापीठाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. त्यांच्या गावाहून, एक्वेंडेनीहून, बाबा तिला बरोबर घेऊन गेले होते. फळ्यावरची यादी बाबांनी बोटाने वरून खाली आणि खालून वर वाचली, मग खिडकीपाशी जाऊन टोपी काढून विचारलं, "साहेब, मापोपा म्हांगो. कितवा नंबर आला?" कारकून दुष्ट नव्हता. त्याने रजिस्टर उघडून नीट पाहिलं. म्हणाला, "नंबर आलाच नाही. तुमच्या जिल्ह्याच्या जागा भरल्यात. त्याचे मार्क कुणी बघितलेच नाहीत, बाबा." बाबा परतीच्या बसमध्ये एकदाच बोलले, "खालचा नंबर असता तर समजलो असतो." पुढे ती नियम बदललेल्या वर्षी शिकायला गेली, तिचा नंबर लागला, आणि घरात कुणी त्याचा फार आनंद केला नाही. हे सगळं तिच्या आत होतं, अंगातल्या रक्तासारखं, आणि तरी त्या दुपारी तीन वाजता तिचा हात थांबला नव्हता.

"बांबो, जरा इकडे बघता?" ती काचालेंच्या दारात जाऊन म्हणाली. ते आले, चष्मा वर करून वाचू लागले, मग चष्मा खाली करून पुन्हा वाचलं. वय साठीचं, अंगाने जाड, सगळ्या ऑफिसला स्वतःच्या घरच्या पपया वाटणारा माणूस. त्यांचा चेहरा हळूहळू विझत गेला.

"कुणी पाहिलंय हे?"

"मी. आणि आता तुम्ही."

"हे शोधणारं कोण?"

"फोन कुणा फालेसी मुहिवाचा आहे. मुलगी असेल."

काचाले खुर्ची ओढून बसले. "पत्र पाठव. दवाखान्याच्या नावाने. तुमचा माणूस सापडला, अमुक तारखेला वारला, अमुक ठिकाणी पुरला. झालं."

"आणि अट?"

"अट कशाला सांगतेस? तो वाचला असता का? डोक्याला मार होता."

"वाचला नसता कदाचित. पण त्यांनी पाहिला असता. अठरा दिवस होते, बांबो."

"मायी म्हांगो," ते अगदी हळू म्हणाले, "मी दोन लेकरं पुरलीयत. त्या वेळी कुणी घरी येऊन मला सांगितलं असतं ना, की अमुक केलं असतं तर वेगळं झालं असतं, तर त्याला मी उंबऱ्यावरून हाकलला असता. तुला सांगून मोकळं व्हायचंय. हो ना? तू मोकळी होशील. पण ते ओझं कुठेतरी जाणारच. ते त्यांच्या घरात राहील."

तिने जिल्ह्याची अट तिथेच, त्यांच्यादेखत, यंत्रातून काढून टाकली. आता यंत्राला दिवसाला चार-पाचच लोक विचारत होते. मग न राहवून तिने त्या एकसष्टांतला एक शोध तसाच्या तसा पुन्हा केला, अट घालून, फक्त ब्लांटायरच्या जागी झोम्बा लिहून. एकच नोंद आली. वेसोनी. तिने पडद्यावरची खिडकी बंद केली, पण बघितलेलं बघून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मिशनला फोन लावला. तिथली नर्स आधी घाईत होती, मग सावकाश बोलू लागली. हो, आठवतो. पातळ लापशी प्यायचा. बोलायला जायचा पण जीभ वळायची नाही. शेजारच्या खाटेच्या लाकडावर बोटाने ठोकून बघायचा, दिवसातून किती वेळा, आम्ही हसायचो. शेवटी ताप आला. पुरताना वॉर्डातल्या बायकांनी गायलं. "तुमचं कोण होता?" नर्सने विचारलं. लुसुंगु म्हणाली, "कुणी नाही," आणि मग फोन ठेवायला तिला जमेना.

मग तिने मापोपाला फोन केला. तो एक्वेंडेनीत बॅटऱ्या चार्ज करून द्यायचं दुकान चालवतो, आणि तिचा फोन आला की गिऱ्हाईक ताटकळत ठेवून बोलतो.

"काय गं इंजिनीअरीण, आज गरिबाची आठवण? की लाइट गेली तुमच्या ब्लांटायरची?"

तिने सगळं सांगितलं. मागे कुणाचा तरी रेडिओ चालू होता तेवढाच ऐकू येत होता.

"मग माझ्याकडून काय हवंय तुला?" तो म्हणाला. "माफी? मी कोण देणारा, मी तर यादीतच नव्हतो." स्वतःच्या विनोदाला तो हसला, ती हसली नाही. मग म्हणाला, "ऐक. तो कारकून आठवतो तुला?"

"आठवतो."

"बाबा त्याला मरेपर्यंत शिव्या देत होते. त्याची काही चूक नव्हती, नियम कुणी दुसऱ्याने केला होता, पण नियमाला शिव्या कशा द्यायच्या? चेहरा लागतो. तो खिडकीत होता म्हणून बाबा जगले. नाही तर त्यांनी मला दिल्या असत्या. किंवा स्वतःला."

"म्हणजे जाऊ?"

"मी कुठे म्हणालो जा? तू जाणारच आहेस. नुसती विचारल्यासारखं करतेस. लहानपणापासून."

शनिवारी सकाळी ती लिंबेला उतरली आणि बांग्वेच्या मिनीबसमध्ये बसली. कंडक्टरने तिला चौघांच्या बाकावर पाचवी म्हणून कोंबलं. मांडीवर पिशवी होती, पिशवीत साखर आणि चहा, मृताच्या घरी जाताना नेतात तसा, आणि एका कागदावर मिशनचा पत्ता. बस चढावर कण्हत होती. शेजारच्या बाईच्या टोपलीतल्या सुक्या उसिपा मासळीचा वास नाकात बसला होता. लुसुंगु मनातल्या मनात वाक्यं लावत होती. मी ते यंत्र केलं. मी एक बदल केला. माझ्यामुळे. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मी'ने होतेय हे तिच्या ध्यानात आलं, काचालेंचा चेहरा आठवला, आणि तिला उतरून परत जावंसं वाटलं. पण दोन्ही बाजूंनी माणसं होती आणि दार लांब होतं.

घर वायसनच्या बायकोच्या, एस्नार्त मुहिवाच्या, बहिणीचं होतं. पुरात सगळं गेलेल्या माय-लेकी छावणीतून तिथे राहायला आल्या होत्या. "ओदी!" लुसुंगुने अंगणातून हाक दिली. "ओदिनी," आतून उत्तर आलं, आणि एक उंच, हडकुळी बाई कमरेला गुंडाळलेलं चितेंजे घट्ट करत बाहेर आली. हीच एस्नार्त. तिने चटई अंथरली. मुलगी फालेसी, विशी ओलांडलेली, पाठीला तान्हं बांधून भोपळ्याची पानं निवडत बसली होती. तिने मान हलवली आणि पुन्हा पानांत बघू लागली. तब्येती विचारून झाल्या, पाऊस थांबल्याचं बोलून झालं. मग एस्नार्तने हात मांडीवर ठेवले आणि नुसती बघत राहिली. ती ओळखून होती.

लुसुंगुने सांगितलं. सापडले, वारले, कुठे पुरले ते. एस्नार्त रडली नाही. तिने विचारलं, "पुरताना कुणी गायलं का?"

"वॉर्डातल्या बायकांनी गायलं, मायी."

"खात होता?"

"लापशी घेत होते. नर्स सांगत होती, खाटेच्या लाकडावर बोटाने ठोकून बघायचे सारखे."

एस्नार्तच्या तोंडावर काहीतरी हललं. "कुठलंही लाकूड दिसलं की ठोकायचा. लग्नात चर्चचा बाक ठोकून बघितला होता. पाद्री थांबला बोलायचा." आणि मग तिने चितेंजेचं टोक तोंडावर घेतलं आणि तिचे खांदे हलायला लागले, आवाज न करता. बहिणीच्या अंगणात कोंबड्या चिखलात उकरत होत्या. लुसुंगुला वाटलं, इथेच थांबता येईल. काचालेंचं बरोबर होतं, इथेच थांबावं.

"पंचविसाव्या दिवशी म्हणालात?" फालेसी म्हणाली. पानं तिच्या हातात तशीच होती. "म्हणजे आम्ही शाळेतल्या छावणीत होतो तेव्हा ते जिवंत होते?"

"हो."

"मी रोज बघत होते. सकाळ-संध्याकाळ. फोन नाही म्हणायचा. तो का नाही म्हणाला?"

मग लुसुंगुने तेही सांगितलं. यंत्र दोन तऱ्हांनी शोधतं, असं ती म्हणाली. एका तऱ्हेने सगळ्यांना घेतं आणि जो जास्त जुळतो त्याला वर ठेवतं. दुसऱ्या तऱ्हेने दारातच विचारतं, आणि नाही म्हटलं की आत घेतच नाही, मग बाकी कितीही जुळो. "जिल्हा मी दारात ठेवला. तुझे वडील झोम्बाला नोंदले होते. नाव जुळत होतं, बोटं जुळत होती. पण ते आत आलेच नाहीत."

फालेसी ओरडेल, अंगावर येईल, असं तिला वाटलं होतं. त्यासाठी तिने स्वतःला आवळून धरलं होतं. पण पोरीचे ओठ पांढरे पडले. "जिल्हा," ती पुटपुटली. मग आईकडे न बघता म्हणाली, "तू म्हणाली होतीस. दुसऱ्या रविवारी. म्हणालीस, ट्रक झोम्बाला गेले म्हणतात, झोम्बा टाकून बघ. आणि मी म्हटलं, तुला यातलं कळतं का काही? बाबा ब्लांटायरचे आहेत, झोम्बाचे कसे होतील? म्हटलं, खोटं लिहिलं तर फोन आपल्याला काढून टाकील." पाठीवरचं मूल कुरकुरलं, ती नकळत अंग हलवून त्याला झुलवत लुसुंगुकडे वळली. "मायी, मी झोम्बा टाकलं असतं तर आले असते?"

काचाले म्हणाले होते ते ओझं हे होतं. लुसुंगुला ते आता दिसत होतं, अंगणात, चटईवर, माय-लेकींच्या मधोमध. ते तिनेच पिशवीतून आणलं होतं, साखरेबरोबर. दुसऱ्या रविवारी, म्हणजे चौदाव्या दिवशी. अकरा दिवस उरले होते. तिच्या डोळ्यांपुढे ती एकुलती नोंद होती. वेसोनी. इतकं स्वच्छ उत्तर त्या यंत्राने क्वचितच कुणाला दिलं असेल.

"नाही," ती म्हणाली. "आलं नसतं."

"का?"

"आम्ही बिघडवूनच ठेवलं होतं ते. ब्लांटायरच्या फोनवरून दुसरा जिल्हा टाकला तरी काही यायचं नाही. तू काहीही लिहिलं असतंस तरी शून्यच आलं असतं."

"नक्की?"

"मी करून बघितलं."

फालेसीने एक लांब श्वास घेतला, आणि त्या श्वासाबरोबर तिचा चेहरा बदलला. "म्हणजे तुमच्यामुळे," ती म्हणाली. "सगळं तुमच्यामुळेच."

"हो."

"आणि चहा-साखर घेऊन आलात!" ती उठली, पानांची टोपली कलंडली. "माझा बाप तिथे लाकडं ठोकत पडला होता आणि तुम्ही, पंख्याखाली बसून, जिल्हा! घ्या ती साखर. उचला! आमच्या बाबांच्या नावाचा चहा तुम्ही पिणार होय?" ती आणखीही बोलली, शेजारच्या बायका कुंपणाशी जमल्या, कुणीतरी "काय झालं गं?" विचारलं आणि तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. लुसुंगु उभी राहून ऐकत होती. तिला रडू येत नव्हतं. एवढंच जाणवत होतं की आवाजाची धार सगळी आपल्याकडे वळलेली आहे, पोरीच्या स्वतःकडे एकही शब्द जात नाहीये.

एस्नार्त तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली. पाहुण्याला सोडायला यायचं असतं म्हणून आली असावी. दोघी उतार उतरल्या. मिनीबस दिसली तेव्हा एस्नार्त म्हणाली, "ती पुन्हा विचारेल तुला. तिचा स्वभाव आहे तो. एकदा सांगून तिचं भागत नाही."

"हो, मायी."

"विचारेल तेव्हा हेच सांग."

लुसुंगुने तिच्याकडे बघितलं. "मायी, तुम्हाला—"

"मी तुला काही विचारलेलं नाही," एस्नार्त म्हणाली, आणि हात दाखवून तिने बस थांबवली.

फालेसी पुढच्या आठवड्यात रेडिओवर बोलली. लुसुंगुचं नाव तिने पूर्ण घेतलं. ब्लांटायरच्या फोनवरून दुसरा जिल्हा चालतच नव्हता, हेही ती ठासून म्हणाली, आणि संघटनेला खुलासा काढावा लागला. काचाले खुलासा लिहायला बसले तेव्हा त्यांनी लुसुंगुला बोलावलं. "हे चालत नव्हतं, असं ती म्हणतेय. चालत होतं ना?" लुसुंगु म्हणाली, "खुलाशात ते लिहू नका, बांबो." त्यांनी खूप वेळ तिच्याकडे बघितलं आणि लिहिलं नाही. जूनमध्ये तिचा करार संपला, तो पुढे वाढला नाही. आता ती एका बियाण्यांच्या कंपनीत आहे. तिथेही शोधच आहे, कुठल्या जमिनीला कुठलं बी, आणि फॉर्मवर जिल्हा आहे. तिथे काम करताना अजूनही कधी कधी तिचा हात अर्ध्यावर थांबतो, मग शेजारचा विचारतो, "काय झालं?" आणि ती म्हणते, "काही नाही."

फालेसीचा फोन महिना-दीड महिन्याने येतो. शिव्या आता ती देत नाही. कधी मुलाला दात आल्याचं सांगते, कधी आईचे गुडघे दुखतात ते सांगते, झोम्बाला जाऊन थडग्यावर लाकडाची फळी लावून आलो, म्हणते. मग थोडा वेळ गप्प होते. लुसुंगुला ती गप्प झालेली ओळखू येते, ती फोन दुसऱ्या कानाला लावते.

"तुम्ही नीट बघितलं होतंत ना?"

"बघितलं होतं."

"झोम्बा टाकून?"

"झोम्बा टाकून."

"आणि काहीच आलं नाही?"

"काहीच नाही," लुसुंगु म्हणते. मागच्या वेळेइतक्याच सहजपणे, कारण जरा अडखळली तरी त्या पोरीला कळेल. पलीकडे फालेसी "बरं" म्हणते. त्यानंतर बराच वेळ दोघींपैकी कुणीच फोन ठेवत नाही.